सात नंबरचा कोळसा

काळी चकती, मोठ्या टिकलीएवढी, आणि वजन बावीस मिलिग्रॅम – म्हणजे चिमट्यातून सुटली तर आवाजसुद्धा होणार नाही, फरशीवरच्या जुन्या डागांत मिसळून जाईल आणि मग बसा गुडघ्यांवर रांगत – म्हणून करुणानं श्वास रोखून धरला होता, तरी कडेची भुकटी बोटाला लागलीच. ही भुकटी मोठी चिवट. दिवसभर बोट जिथं जाईल तिथं ती जाते, वहीवर, पदरावर, डब्यातल्या चपातीवर. सहा वर्षांत पोटात किती कोळसा गेला असेल कुणास ठाऊक. आणि या एवढ्याशा चकतीतली सगळी भोकं उलगडून जमिनीवर अंथरली तर तिची बारामतीच्या कसब्यातली भाड्याची खोली, मोरीसकट, झाकली जाईल. हे ती पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगते तेव्हा मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी म्हणतं, मॅडम, मग खोली कशाला, कोळशातच राहा की. पोरं हसतात. तीही हसते. आज शनिवार, अर्धा दिवस कॉलेज, प्रयोगशाळेत पोरं नव्हती आणि सात नंबरच्या दोनच चकत्या उरल्या होत्या.

पर्समध्ये साठ्ये सरांचं पत्र होतं. परवा पुण्याहून आलेलं, त्यांच्या त्या तिरप्या, स्वच्छ अक्षरातलं. ‘नमुना क्रमांक सात प्रबंधातून वगळावा. बाकी सहा नमुन्यांची मांडणी उत्तम झाली आहे. एखादा बिंदू रेषेच्या इतका बाहेर जातो तेव्हा बहुधा आपला हात चुकलेला असतो, निसर्ग नव्हे. सोमवारी अंतिम प्रत घेऊन यावे, म्हणजे सही करतो.’ सर वाईट माणूस नव्हेत. सहा वर्षांत कधी आवाज चढवला नाही, कधी ताटकळत ठेवलं नाही, एकदा तर ती भर उन्हात स्वारगेटहून चालत आली म्हणून स्वतः उठून माठातलं पाणी दिलं होतं. पण सर मार्चअखेर निवृत्त होणार, तिची संशोधनाची रजाही त्याच महिन्यात संपणार, आणि सोमवारी सही झाली नाही तर नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी, पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. तेहेतीस वर्षांची झाले मी. आणखी सहा वर्षं कुठून आणू... सात नंबर काढला की काम फत्ते. एक तक्ता, एक आलेख, अडीच पानं – एवढंच तर काढायचं होतं.

तिनं दोन्ही चकत्या आम्लानं धुतलेल्या जाळीवर ठेवल्या, मध्ये गाळणकागद, वरून काचेची पट्टी, आणि सगळं पोटॅशियमच्या द्रावणात सोडलं. बॅटरीत रसायनं झिजतात. या कपॅसिटरमध्ये, नुसतीच वीज साठवणाऱ्या जोडीत, काहीच झिजत नाही. वीज जोडली की पाण्यातले भारित कण, म्हणजे आयन, कोळशाच्या भोकांत शिरून भिंतीला लागून बसतात, वीज काढली की उठून जातात, बस्स. जितकी भोकं जास्त तितकी बसायला जागा जास्त. पण आयन एकटा हिंडत नाही, अंगाभोवती पाण्याचे रेणू घट्ट लपेटून हिंडतो, आणि भोक त्या लपेटलेल्या आयनापेक्षा अरुंद झालं की तो दारातच अडकतो – सगळी पुस्तकं हे सांगतात. तिचे सहा नमुनेही हेच सांगत होते. भोक जसजसं बारीक तसतशी साठवण कमी, ग्रॅममागे एकशे बारा फॅरडपासून चौसष्टपर्यंत सरळ उतरती रेषा, कुणालाही आवडेल अशी. आणि सातवा, सगळ्यांत बारीक भोकांचा, जिथं पाणी पांघरलेला आयन शिरणं शक्यच नाही, तो एकशे एकाहत्तरवर जाऊन बसलेला. ठार वेडा.

“सुरू करू का, म्याडम?” बिरूतात्यांनी विचारलं. ते प्रयोगशाळेचे शिपाई. अठरा वर्षं झाली इथं, त्याआधी मेंढरांमागं. स्टॉपवॉच त्यांच्या हातात असं बसायचं जसं दुसऱ्या कुणाच्या हातात कधी बसलं नाही.

“करा.”

व्होल्टमीटरचा काटा खाली यायला लागला. सावकाश. सहा नंबरचा काटा असा येतो की पापणी लवेपर्यंत संपतो. हा येतच नाही, रेंगाळतो, जणू कुणी मागून पदर धरला आहे. दोघं बघत राहिले. बाहेर रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, खिडकीची काच थरथरली, काटा थरथरला, पुन्हा आपल्या जागी आला.

“झालं,” ती म्हणाली.

तात्यांनी वेळ सांगितली. तिनं भागाकार केला. एकशे अडुसष्ट. मागच्या वेळी एकशे एकाहत्तर, त्याच्या आधी एकशे सत्तर. हात चुकतो तो असा दर वेळी एकाच जागी चुकतो होय? – पण सरांकडे त्यालाही उत्तर असणार. कोळशात काहीतरी खनिज असेल, मळ असेल, ते विजेशी वेगळाच खेळ करत असेल. तिनं आम्लानं धुतला होता, गरम पाण्यानं नऊ वेळा धुतला होता. ‘नऊ वेळा धुऊन गेलेला मळ दहाव्यांदाही निघू शकतो,’ सर मागे म्हणाले होते. आणि त्यांचं शेवटचं, खरं, बिनतोड म्हणणं होतं: पुन्हा करून दाखवा. नवा कोळसा घ्या, त्याच झाडाचा, आणि पुन्हा करून दाखवा. केला होता की. दोनदा. त्याच बांधावरच्या बाभळीचं लाकूड आणलं, इथल्या भट्टीत नीट तापमान लावून जाळलं, धुतलं, दाबलं. शहाण्णव. दुसऱ्यांदा त्र्याण्णव. रेषेवर अगदी शहाण्यासारखा येऊन बसला.

“म्याडम, एक इचारू?” तात्या काच पुसत म्हणाले. “ह्या सातव्याचं एवढं काय हाय? तीन म्हयनं बगतोय, त्यो काडला की तुमचं तोंड उतरतं.”

तिला हसू आलं. मग तिनं सांगितलं, सोप्या भाषेत, जसं जमेल तसं. भोक एवढं. पाणी लपेटलेला कण त्याहून मोठा. तरी आत जातोय.

“मग अंगावरचं पानी काडून ठिवत आसंल.”

“नाही काढता येत, तात्या. फार घट्ट असतं ते.”

“लोकर काय सैल आसती व्हय?” तात्या स्टुलावर बसले. त्यांना गोष्ट सुचली की ते आधी बसतात. “आमी कोकनात उतरायचो दिवाळीनंतर. वाघर म्हाईत हाय न्हवं – मेंढरं कोंडायची जाळी? तिला एके जागी फट पडल्याली. बारीक. म्हयनाभर एक मेंढरू भायेर गेलं न्हाय, डोकं घालायचं आन् लोकरीला अडकून मागं यायचं. मग कातरनी झाली. दुसऱ्या दिशी बगतो तर अकरा मेंढरं गायब! आमचा बा म्हनला, चोरी झाली. गावच्या पाटलाकडं जाऊन बोंबललो. चोरी कशाची डोंबलाची... उघडी झाली, निसटली त्याच फटीतनं.”

“पण मेंढरांना बाहेर जायचं होतं. आयन बापडा कशाला अंगावरचं काढून –”

“कशाला मंजी? तुमी बॅटरी लावलीया न्हवं. मागनं हाकतंय की कुनीतरी.”

तात्या उठून बाटल्या लावायला गेले. पाणी सोडायला आयनाला किती ऊर्जा लागते याचे आकडे तिला पाठ होते, भले मोठे आकडे, तेवढी ऊर्जा एका व्होल्टात मिळत नाही – हाकणारा कमी पडतो. पण भिंत? भोकाचं माप सगळे काढतात; भिंत कसली आहे हे कोण विचारतं? ही काही काचेची भिंत नव्हे. कोळशातून वीज वाहते, भार जवळ आला की त्या भिंतीतले इलेक्ट्रॉन त्याच्याकडे सरकतात, झुकतात. सगळ्या बाजूंनी भिंत इतकी लागून असेल तर पाणी सोडून आलेल्याला ती स्वतःच... म्हणजे पाण्याची जागा भिंत घेत असेल. मग गर्दीतल्या आयनांचं एकमेकांना ढकलणंही भिंतच शमवत असेल. हे कुठं छापलेलं तिनं वाचलं नव्हतं. छापलेलं नाही म्हणून चूक, की...

मागनं हाकतंय की कुनीतरी. या कॉलेजात रुजू झाली त्या पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये ती सहज म्हणून गेली होती, “माझा तास हाय आता.” एका बाईंनी फक्त कपातून वर पाहिलं आणि पुन्हा खाली. बस्स, एवढंच. त्या दिवसापासून आहे, नाही, इथे, तिथे. कुणी सक्ती केली नव्हती. अंगावरचं काढलं, शिरले आत. आत गेल्यावर कोणती भिंत माझ्याकडे झुकली ते मात्र आठवत नाही.

तिनं वही ओढली. नमुना एक – लाकूड कुठलं, भट्टी कितीला, किती तास, किती वेळा धुतलं, सगळं ओळीनं. नमुना दोन, तीन, चार, नारळाची करवंटी, उसाचं चिपाड, प्रत्येकाला अर्धं पान. नमुना सात. बाभूळ. आणि पुढं एकच शब्द – ‘स्थानिक’. तापमान नाही. तास नाहीत. हे पान तिनं शंभरदा उलटलं असेल, पण नजर नेहमी खालच्या आकड्याकडे गेली होती, या शब्दावर आज पहिल्यांदा अडली.

स्थानिक म्हणजे काय? म्हणजे काहीच नाही. म्हणजे मला लिहायचं नव्हतं. सगळं लख्ख आठवलं – दीड वर्षामागची दिवाळीची सुट्टी, निरवांगीला घरी, प्रयोगाचं लाकूड संपलेलं, आणि निघताना चुलीच्या कडेला पडलेला कोळसा दिसला म्हणून आईनं तो डालड्याच्या रिकाम्या डब्यात भरून दिला. काळा, कठीण, वाजवला तर भांड्यासारखा वाजणारा. इथं आल्यावर वही उघडली तर शेजारच्या टेबलावर दुसरे दोन प्राध्यापक बसलेले, आणि पेन ‘आईच्या चुलीतला’ असं लिहायला गेलं ते मध्येच थबकलं. सर ही वही वाचतात. चुलीतला कसं लिहायचं? मग स्थानिक. वा रे वा! पोरांना दर वर्षी घसा फोडून सांगते, जे केलं ते लिहा, जसं केलं तसं लिहा – आणि स्वतः असली चोरटी. सरांचं म्हणणं खरं होतं, हात चुकलाच होता, फक्त तो मोजताना नव्हे, लिहिताना. तिला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

“तात्या, मी जाते. निरवांगीला. सर्वांत लवकरची गाडी किती वाजता आहे?”

“साडेअकराची गावंल, पळा.”

गाडी गावली. खिडकीशी जागाही मिळाली. लासुर्ण्यापर्यंत पुढं ट्रॉल्या, मागं ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनच एखादा सूर्यफुलाचा पट्टा, माना एकीकडे केलेला. तिनं पत्र काढून पुन्हा वाचलं, पुन्हा घडी घातली. समजा आईला आठवतच नसलं तर? दीड वर्षामागचा चुलीतला कोळसा – माणसाला काल काय कालवण केलं ते आठवत नाही. आणि आठवलं तरी उद्या रविवार, परवा सोमवार. दोन दिवसांत कोळसा होतो होय... नुसतं जाऊन यायचं, म्हणजे मनाला टोचणी नको, एवढंच. असं ती स्वतःला बजावत राहिली आणि लासुर्ण्याला गाडी थांबली तेव्हा उगाच ड्रायव्हरवर चिडली, कारण तो चहाला उतरला होता.

केसरबाई दारात बसून पातेलं घासत होती. लेकीला बघून तिनं आधी मागं पाहिलं, आणखी कोण आलं का म्हणून.

“आगं, सांगून यायचं न्हवं? कालवन बी न्हाय केलं. समादान भिगवनला गेलाय, मासं आनील सांजच्याला. का आलीस? बरं हाय न्हवं?”

“बरं आहे. आई, तू मला डालड्याच्या डब्यात कोळसा दिला होतास बघ, मागल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत. तो कसा केला होतास?”

“कोळसा कुनी करतंय व्हय?” आईनं पातेलं पालथं घातलं. “हुतो त्यो.”

करुणा उंबऱ्यावर बसली. आत भावानं, समाधाननं, आणलेली नवी गॅसची शेगडी दिसत होती, तिच्यावर मेणकापडाचं झाकण घातलेलं, आणि बाजूला चूल, सारवलेली, धूर येणारी. बाबासाहेबांच्या तसबिरीची काच त्या धुरानं पिवळी झालेली.

“कसा होतो पण? लाकूड लावलंस, मग?”

“मग काय? सैपाक झाला की बाभळीचं बुंध्याचं लाकूड आसतं न्हवं, त्याचा विस्तव राखंत पुरायचा. सकाळी उकरायचा, फुंकर मारली की पेटतोय. परत रातीला पुरायचा. चार-पाच दीस चालतंय एकच बुंधा. मग त्यात काय जीव राहत न्हाय, वाजायला लागतोय, त्यो कडंला टाकायचा. त्योच तुला दिला.”

“कसली राख?”

“सूर्यफुलाच्या काटक्यांची. त्याआदी करडीच्या बुडख्यांच्या राखंत पुरायचो, पन समादान आता सूर्यफूलच लावतोय. कडब्याच्या राखंत विस्तव मरतो. ही राख लई जालीम हाय बग.” आईनं पातेलं घासलेला हात पुढं केला, बोटांच्या पेरांना कातडी सोललेली, लाल. “पान्यात कालवली की चरचरती. सोडा परवडला. पन भांडी आश्शी निघत्यात.”

चरचरते. करुणानं आईचा हात धरला आणि सोडलाच नाही. राखेत पोटॅश. जालीम, कातडी खाणारं पोटॅश, आणि त्यात रात्रभर पुरलेला धगधगता विस्तव, पाच रात्री, हवा जेमतेम पोचेल न पोचेल अशी. परदेशातल्या मासिकांत लिहितात, पोटॅशबरोबर तापवला की कोळशाला आतून बारीक भोकं पडतात, नळीच्या भट्टीत, नायट्रोजनच्या प्रवाहात – ती भट्टी मिळावी म्हणून तिनं दोन वर्षं अर्ज केले होते. आणि ती भट्टी इथं पेटलेलीच होती. अगं बाई! तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, आणि ओरडली नाही.

“हात सोड की. काय झालंय तुला?”

“आई, गॅस हाय की आता. काड्याची पेटी हाय. मग अजून कशाला पुरती विस्तव?” बोलता बोलता तिची भाषा इथली झाली होती, तिच्या लक्षातही न येता.

“सवय हाय.” आईनं चुलीकडं पाहिलं. “तुज्या आजीचं वळन. सारजाबाईचं. मी नवी नवरी आले तवा पयल्या रातीलाच म्हनली, येळंला उपाशी नीज, पन चूल इझू दिऊ नगंस. एकदा इझल्याली, पावसाचं, म्हनं. समद्या वस्तीत कुनाकडंच विस्तव न्हाई. मग ती गेली वर, गावात, मागायला. दारात उबं न्हाय ऱ्हायाचं, लांब वाटंवर. आतल्या बाईनं चिमट्यात निखारा धरून फेकला लांबनं. हितं पडला.” तिनं आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला बोट लावलं. “झेलायला गेली, येडी. जमिनीवर पडला तर इझंल म्हनून. तवापासनं तिनं चूल इझू दिली न्हाय. मरंस्तवर.”

तो डाग करुणानं पाहिला होता. लहानपणी आजीच्या हातावर डोकं ठेवून झोपताना गालाला लागायचा, गुळगुळीत. तिला वाटायचं, देवी टोचल्याची खूण. तिनं कधी विचारलं नाही, आणि आजीनं कधी सांगितलं नाही. राग आला – इतका की समोरच्या भांड्यांवर लाथ मारावी; पण ती वर गावातली बाई मरून कधीची गेली असेल, आजीही गेली, आणि भांडी तर आईनं आत्ताच घासली होती. म्हणून ती नुसती बसून राहिली. एक हात आईचा धरलेला, तो आता आईनंही सोडवून घेतला नाही.

मग भाकरी खाताना तिनं सगळं सांगितलं. सात नंबर, सरांचं पत्र, सोमवार, सही. आता कोळसा कसा झाला ते कळलं होतं, पण कळणं म्हणजे पुन्हा करून दाखवणं नव्हे. तापमान मोजायला हवं, राखेचं प्रमाण काढायला हवं, दोन-तीन महिने तरी पाहिजेत, आणि महिने तर नव्हतेच. सर म्हणतील, मग तर वगळाच. चूल ही काही पद्धत नव्हे. आणि लिहायचंच म्हटलं तर सही नाही, सही नाही तर सहा वर्षं पाण्यात.

आईनं शेंगदाण्याची चटणी तिच्या पानात सरकवली.

“मग नगं लिवू, बाय. पदरात पडतंय ते घे आदी.”

“आई! तुझा कोळसा आहे तो.”

“माजा कसला? आमी काय कुनाला सांगत हिंडलो व्हय, चूल पेटती हाय म्हनून? राखंखाली ठिवला, सकाळी उकरला. दिसायला नुसती राख.” ती उठली. “डाक्टर हो, मग उकर तुजा तू. आन् लिवायचं तर लिव. मला काय कळतंय त्यातलं.”

करुणाला वाटलं होतं आई म्हणेल, लिही, घाबरू नकोस. तसं म्हणाली असती तर सोपं झालं असतं – लिहिलं असतं आणि बुडाले असते तर आईच्या शब्दाखातर बुडाले असते. आता ते खापर कुणावर फोडता येत नव्हतं. पुरून ठेवणं म्हणजे लपवणं की जपणं? ‘स्थानिक’ हा शब्दही तिनं पुरलाच होता की. पण तो पुरला तेव्हा खाली विस्तव आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं नुसती राख टाकली होती. आई पुरते ती उद्या सकाळी उकरायचं म्हणून. सोमवारी सात नंबर काढला तर मी उकरीन? की नावापुढं डॉक्टर लागलं, पगार वाढला, बारामतीत घर झालं, की सगळ्यांसारखी मीही म्हणेन – जाऊ दे, झालं ते झालं?

आईनं तेवढ्यात डालड्याचा आणखी एक डबा आणला. तळाशी राखेचा थर, त्यावर बुंध्याचे दोन निखारे, वरून पुन्हा राख, दाबून. पत्र्याच्या झाकणाला तिनं खिळ्यानं एक भोक पाडलं, दगडानं ठोकून.

“ह्ये कशाला?”

“त्याला वारं नगं व्हय? पन बारीक पायजेल भोक. लई मोटं झालं की समदा जळून जातोय.” तिनं झाकण लावलं. “न्हे. तुज्या त्या यंत्रात मोज किती गरम हाय ते. आन् राख बी हाय पुरंशी.”

करुणानं डब्याभोवती जुनी गोधडी गुंडाळली. आई एस. टी.च्या थांब्यापर्यंत आली, जय भीम म्हणाली, आणि गाडी हलायच्या आत परत फिरली, कारण चुलीवर अंघोळीचं पाणी होतं.

ऊन अजून होतं. गाडीत गर्दी होती, तिनं डबा मांडीवर घेतला. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि गोधडीकडं बघून थांबला.

“काय हाय त्यात?”

“राख.”

तो दचकला. आवाज एकदम उतरला. “कुनाची वो, ताई? नदीवर निगाला का?”

“चुलीतली हाय. आमच्या घरातली.”

शेजारची म्हातारी खुदकन हसली, पुढच्या बाकावरचे दोघं वळून बघायला लागले, आणि कंडक्टर “चुलीतली राख एस. टी.नं!” असं स्वतःशीच पुटपुटत पुढं गेला. करुणाला उशिरा ऐकू आलं आपण काय बोललो ते. बारामतीला जाणाऱ्या गाडीत, भरल्या गाडीत, हाय. कुणी कपातून वर पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी...

तिनं पर्समधून वही काढली. गाडी हलत होती, अक्षर वाकडं येणार होतं, तरी ‘स्थानिक’वर एक रेघ मारली आणि पुढं लिहिलं – आईच्या चुलीतला. निरवांगी. बाभळीचा बुंधा. सूर्यफुलाच्या काटक्यांची राख, रात्री पुरलेला, सकाळी उकरलेला, पाच रात्री. तापमान मोजलेलं नाही. मग थोडं थांबून – तापमान मोजायचं आहे. आणि पद्धत म्हणून लिहिता येणार नव्हतं ते तेवढं राहिलं; आजीच्या मनगटाला कुठला रकाना नव्हता. ते वाक्य तिच्या मनात पुरं तयार होतं, साधं, शाळेतल्या पोरानं लिहावं तसं: विस्तव मागायला जावं लागू नये म्हणून. तिनं ते लिहिलं नाही, पण वहीही मिटली नाही.

लासुर्णे गेलं. सोमवारी सर ती अडीच पानं चाळतील, चष्मा काढतील, आणि विचारतील, ठरलं का तुमचं? काय सांगणार ते तिला अजून ठाऊक नव्हतं. पण सकाळी जी भीती होती – की सात नंबर खोटा असेल, आपलाच काहीतरी गाढवपणा असेल – ती शोधली तर कुठं सापडेना. तो खरा होता. सही झाली तरी खरा, न झाली तरी खरा. काढला तरी मला ठाऊक असणार होतं, आणि हे ठाऊक असणंच आता जड झालं होतं, सकाळपेक्षा जास्त.

गोधडीतून हात घालून तिनं झाकण चाचपलं. भोक सापडलं. त्यावर अंगठा ठेवला. खालून धग लागली, बारीक, एकाच जागी. पाचेक श्वास तिनं अंगठा तसाच ठेवला. मग आत वारं जायला हवं, म्हणून काढून घेतला.